ओढ्याला पूर आलाच नव्हता

तक्रार दोन ओळींची होती. वरच्या अंगाला नवीन लेआउट झाल्यापासून ओढ्याचा काठ ढासळतोय, आमची जमीन जातेय, येऊन बघा. अशी तक्रार तपासणीसाठी माझ्याकडे येते तेव्हा सोबत विकासकाचं उत्तर जोडलेलं असतं आणि ते बहुतेक वेळा जाडजूड असतं. याही वेळी होतं. पावसाच्या पाण्याचा आराखडा, गणितं, मंजुरीचे शिक्के, तळ्याचे फोटो. सगळ्याचं सार एवढंच की लेआउट होण्याआधी या जमिनीवरून ओढ्यात जास्तीत जास्त जेवढा प्रवाह जायचा, त्याहून जास्त आता जात नाही.

आदल्या रात्री मी गणितं पडताळली. दहा हेक्टरचं लेआउट. मोकळी जमीन होती तेव्हाचा रनऑफ गुणांक 0.3, म्हणजे पडलेल्या पावसातला साधारण तीस टक्के भाग वाहून जाणार. रस्ते, छपरं, फरसबंदी झाल्यावर 0.65. पंचवीस वर्षांतून एकदा यावा असा पाऊस धरला तर आधीचा सर्वाधिक प्रवाह सेकंदाला पाऊण घनमीटर, आणि नंतरचा दोन घनमीटरच्या वर. गुणांक वाढला म्हणून तर तो वाढतोच, पण गटारांतून पाणी लवकर गोळा होतं, त्यामुळे हिशेबात कमी वेळाचा आणि जास्त तीव्रतेचा पाऊस धरावा लागतो, तेही एक कारण. हा वाढलेला प्रवाह अडवायला खालच्या कोपऱ्यात तळं, आणि तळ्याच्या काँक्रीटच्या आउटलेट बॉक्सला 540 मिलिमीटरचं एकच भोक. तळं काठोकाठ भरलं तरी त्यातून पाऊण घनमीटरच बाहेर पडेल असं मोजून ठेवलेलं. माझ्या कॅल्क्युलेटरवरही तेच उत्तर आलं. पद्धत रॅशनल मेथड, म्हणजे गुणांक, पावसाची तीव्रता आणि क्षेत्रफळ यांच्या गुणाकारातून सर्वाधिक प्रवाह काढायची, एमिल कुइक्लिंगने 1889 साली अमेरिकेत मांडलेली, आणि लहान क्षेत्रासाठी आम्ही सगळे आजही तीच वापरतो.

तेव्हा माझा अंदाज ठरलेला होता. कागद बरोबर असेल तर घोळ जागेवर असणार. भोक मोठं ठेवलं असेल, तळं गाळाने भरलं असेल, नाहीतर एखादी गटार परस्पर ओढ्यात सोडली असेल. या धंद्यात दहातल्या नऊ तक्रारी तिथेच मिटतात.

सकाळी पोहोचले तेव्हा आभाळ भरून आलेलं. साइट इंजिनिअर गेटवर उभा होता, नवा मुलगा, हातात नकाशाची गुंडाळी. तक्रार करणारे काकाही आले होते. त्यांना आत सोडायचं की नाही यावर वॉचमनचा फोन चालू होता. मी म्हटलं, "ते माझ्याबरोबर येतील." पोरगा थोडा अवघडला, पण काही बोलला नाही.

आधी तळं बघितलं. भोक मोजलं, 540. भोकाची पातळी बरोबर, जाळी साफ. पाळेला गवत धरलेलं, सांडवा मोकळा, त्याखालचं दगडी अस्तर (पिचिंग) जागेवर. आउटलेटच्या पाइपाभोवती पाझर आहे का ते बघायला मी पाळेच्या मागच्या बाजूला उतरले. अशी तळी पुष्कळदा तिथूनच फुटतात. पाइपाच्या कडेने पाणी वाट काढतं आणि माती आतून निघून जाते. तिथेही कोरडं होतं. गाळ होता, पण हिशेबात धरलेल्या खुणेच्या खूप खाली. मग चेंबरची झाकणं उघडून प्रत्येक लाइन तपासली. सगळ्या तळ्यातच येत होत्या.

काका मागून शांतपणे चालत होते. शेवटच्या चेंबरपाशी म्हणाले, "मॅडम, यांचं काही चुकलंय असं मी म्हणतच नाही. पूर काही वाढलेला नाही. ओढा थांबतच नाही, एवढंच माझं म्हणणं."

खरं सांगायचं तर तेव्हा मी ते वाक्य नुसतं वहीत टिपलं. त्याचा उलगडा पुढच्या तासाभरात झाला.

कारण पाऊस सुरू झाला. फार मोठा नव्हता. साइटवरच्या पर्जन्यमापकात नंतर पाहिलं तर तासाभरात पंधरा मिलिमीटर. असा पाऊस हंगामात कितीतरी वेळा येतो. आम्ही आउटलेट बॉक्सपाशी उभे राहिलो. पाच-दहा मिनिटांत दोन्ही बाजूंच्या गटारांतून लालसर पाणी तळ्यात यायला लागलं. तळ्यातल्या मोजपट्टीवर मी नजर लावून होते. पाणी वीस सेंटीमीटरवर आलं, मग तीस, मग चाळीसच्या आसपास येऊन थबकलं. वर सरकेना. जेवढं येत होतं तेवढं भोकातून सरळ निघून जात होतं. दीड मीटर पाणी धरण्यासाठी बांधलेल्या तळ्यात जेमतेम गुडघाभर पाणी, आणि बाहेर ओढ्याकडे सेकंदाला पाव घनमीटरचा लोंढा.

साइट इंजिनिअर म्हणाला, "बघा ना मॅडम, परवानगी पाऊण घनमीटरची आहे. आपण तिसऱ्या हिश्श्यावर आहोत."

हिशेबाने तो बरोबरच बोलत होता. पण इथे घरं नव्हती तेव्हा असल्या पावसात या जमिनीवरून ओढ्यात किती पाणी जात असेल? मी काकांना विचारलं. ते म्हणाले, "असल्या पावसात? काहीच नाही. जमीनच पिऊन टाकायची. ओढ्याला पाणी यायचं ते दोन-तीन दिवस झड लागल्यावर."

गोम इथे होती. आराखड्यात एकाच मोठ्या पावसाची आधीची आणि नंतरची तुलना होती. त्या पावसासाठी बेतलेलं भोक लहान पावसाला अडवत नाही. चाळणीतून रवा जावा तसं पाणी त्यातून निघून जातं. म्हणजे मोठ्या पावसात तळं आपलं काम करतं, आणि वर्षभरातल्या बाकीच्या सगळ्या पावसांना ते असून नसल्यासारखं.

मोठ्या पावसातही गोष्ट अर्धीच सांगितली जाते. दहा हेक्टरवर 50 मिलिमीटर पाऊस पडला की 5,000 घनमीटर पाणी झालं. ढोबळ मानाने आधी त्यातलं 1,500 वाहून जायचं, आता 3,250. तळ्याने वरचं टोक कापलं तरी हे जादा पाणी कुठे नाहीसं होत नाही. ते तेवढ्याच जोराने, पण दुपटीहून जास्त वेळ वाहतं. त्यात भोकाचा स्वभाव असा की प्रवाह पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. भोकावरचं पाणी चौथ्या हिश्श्यावर आलं तरी प्रवाह निम्माच होतो. त्यामुळे तळं रिकामं होताना बराच वेळ जोरातच सोडत राहतं. ओढा थांबत नाही म्हणजे काय, ते हे.

पाऊस ओसरला तसे आम्ही ओढ्यात उतरलो. काठाच्या तळाशी प्रवाहाने माती आतून कोरून काढली होती आणि वरचा भाग छज्जासारखा पुढे आलेला. एका झाडाची निम्मी मुळं उघडी पडून हवेत लोंबत होती, काही मुळांची साल अजून ओली, म्हणजे ताजीच उघडी पडलेली. आम्ही बघत असतानाच वरच्या बाजूचा हातभर रुंदीचा एक ढेकूळ सुटला आणि पाण्यात पडून दोन मिनिटांत विरघळला. पाइपाच्या तोंडापासून थोडं खाली ओढ्याच्या तळात एक पायरी पडली होती, गुडघ्याएवढी. ही पायरी सगळ्यात वाईट. पाणी तिच्यावरून पडतं, खालची माती उपसतं आणि पायरी वरच्या दिशेने सरकत जाते. मागे राहतो तो खोल झालेला ओढा, उभे काठ, आणि मग ते काठ ढासळतात. काकांच्या बाजूला तेच चाललं होतं.

आणखी एक गोष्ट तिथे नीट दिसत होती. पाइपातून येणारं पाणी गटारांतल्या पाण्याहून बरंच निवळलेलं होतं, कारण जाड गाळ तळ्यात बसून राहत होता. साइट इंजिनिअरला त्याचं कौतुक वाटत होतं आणि पाण्याच्या स्वच्छतेच्या दृष्टीने ते रास्तही आहे. पण वाहत्या पाण्याची गाळ वाहून न्यायची जी ताकद असते, ती गाळ काढून घेतल्यावर शिल्लकच राहते. असं पाणी पुढे गेलं की तळ आणि काठ खातं.

ओढ्याचा तळ आणि काठ प्रवाहाच्या एका ठरावीक मर्यादेपर्यंत तग धरतात, त्यापुढे माती सुटायला लागते. तेव्हा महत्त्वाचं काय, तर त्या मर्यादेच्या वर प्रवाह वर्षातून एकूण किती तास राहिला. वोलमन आणि मिलर या नद्यांच्या दोन अभ्यासकांनी 1960 साली हे दाखवून दिलं होतं की नदीनाल्यांचं पात्र घडवण्याचं बहुतेक काम क्वचित येणारे महापूर करत नाहीत, वारंवार येणारे मध्यम प्रवाह करतात. नियमांमध्ये हे यायला वेळ लागला. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्याच्या 2000 सालच्या नियमपुस्तिकेत ओढ्याचं पात्र वाचवण्यासाठी वेगळी अटच आहे: दरवर्षी येऊ शकेल अशा पावसाचं पाणी साधारण 24 तास धरून हळूहळू सोडायचं. आमच्यापुढच्या आराखड्यात, आणि ज्या नियमांखाली तो मंजूर झाला त्या नियमांतही, तसलं काही नव्हतं. म्हणून कोणाचं काही चुकलं असं अहवालात लिहिता येत नव्हतं.

परतताना मी मुद्दाम लेआउटच्या आतून आले. हिरवळ लावलेल्या एका प्लॉटवर पाऊस थांबून अर्धा तास झाला तरी पाणी साचलेलं. हातातली सळई दाबली तर दोन बोटं आत गेली आणि अडली. कुंपणाबाहेर, जिथे यंत्रं फिरली नव्हती, तीच सळई वीतभर सहज गेली. कागदावर या हिरवळीचा गुणांक 0.2 धरलेला. रोलर आणि डंपर वर्षभर फिरलेल्या जमिनीवर वरून लॉन अंथरलं की ती पाणी पीत नाही. दिसायला हिरवी, वागायला जवळजवळ रस्त्यासारखी. हा एक आकडा मी आता कुठल्याच आराखड्यात जागा बघितल्याशिवाय मान्य करत नाही.

अहवालात उपाय लिहिले ते तसे साधे होते. आउटलेट बॉक्सवर पोलादी प्लेट बसवायची, तिच्यात तळाशी 150 मिलिमीटरचं भोक, मोठं तोंड त्याच्या वर अर्धा मीटरवर. असं केलं की पंधरा-वीस मिलिमीटरचा पाऊस तळ्यात अडतो आणि साधारण दिवसभरात झिरपल्यासारखा निघून जातो. लहान भोक पालापाचोळ्याने तुंबतं, म्हणून त्यापुढे जाळी आणि खडीचा वेढा. आणि यातली खरी अडचण इथून पुढे: खालचा अर्धा मीटर लहान पावसाने अडवून ठेवला, तर मोठ्या पावसाला जागा कमी पडणार. ती पाळेच्या फ्रीबोर्डमधून, म्हणजे पाणी पाळेवरून जाऊ नये म्हणून वर मोकळ्या ठेवलेल्या उंचीतून, काढू देणं मला मान्य नव्हतं. तळ्याला लागून बागेसाठी राखलेली मोकळी जागा होती. ती खोलगट करून एरवी बाग आणि मोठ्या पावसात तळ्याचा भाग, असं सुचवलं. छपरांचे पाइप गटारात सोडण्याऐवजी घरापुढच्या मातीत, आणि ती माती तीस सेंटीमीटरपर्यंत उकरून, खत घालून भुसभुशीत केलेली.

बैठकीत विकासकाच्या माणसाने सगळ्यात जास्त वेळ डासांवर घालवला. पाणी साचून राहिलं तर रहिवासी आमच्या अंगावर येतील. मी सांगितलं, डासाचं अंडं ते डास व्हायला आठवडाभर तरी लागतो, तळं दिवसभरात रिकामं होतंय. तळात खळगे राहू नयेत एवढं बघा, उतार द्या. बागेच्या जागेवरून मात्र रस्सीखेच झाली. बाग म्हणून राखलेल्या त्या जागेत क्लब हाउसही दाखवून प्लॉट विकले होते. शेवटी क्लब हाउस सरकलं, बाग खोल झाली, प्लेट बसली. छपरांचे पाइप नव्या घरांपुरतेच वळवले गेले. ज्यांची घरं झाली होती त्यांनी अंगण उकरायला नकार दिला आणि त्यांच्यावर सक्ती करायला कोणताच नियम हाताशी नव्हता.

प्लेट बसल्यावर पुन्हा अशाच एका पावसात मी जाऊन आले. मोजपट्टी यावेळी हळूहळू चढत राहिली आणि पाइपातून आधीपेक्षा कितीतरी बारीक धार चालली होती. काका म्हणाले, "आता बरंय. पण ती पायरी अजून वर सरकतेय."

बरोबरच होतं. एकदा पडलेली पायरी आपोआप भरत नाही. तिथे तळाला दगडी बंधारा घालून पातळी धरायला हवी आणि उभे काठ उतरते करून झाडं लावायला हवीत. हे सगळं मी अहवालाच्या शेवटच्या कलमात लिहिलंय. पण ओढा लेआउटच्या हद्दीबाहेर आहे, म्हणून विकासक म्हणतो आमचा संबंध नाही, आणि ज्यांच्या अखत्यारीत ओढा येतो ते म्हणतात नुकसान ज्यांनी केलं त्यांनी दुरुस्त करावं. ते कलम अजून तसंच पडून आहे. पाठपुरावा चालू आहे, आणि काकांचा फोन दर मोठ्या पावसानंतर येतो.