सुट्टीच्या दिवशी दुखणारी पाठ

निपाणीत डोळ्यांचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टरला लाल डोळ्याचे अप्रूप राहत नाही. तंबाखूच्या वखारीत दिवसभर जर्द्याची धूळ खाणारे कामगार, विडी वळणाऱ्या बायका, उसाचे पाचट डोळ्याला लागून आलेले तोडणी मजूर, पावसाळ्यात घरभर डोळे आलेली मुले, असे लाल डोळे रोजच समोर येतात आणि त्यांतले बहुतेक चार-आठ दिवसांच्या थेंबांनी बरेही होतात. डिसेंबरातल्या एका सकाळी वखारीत पोती उचलणारा एकोणतीस वर्षांचा तरुण डावा डोळा रुमालाने झाकून, आईचा हात धरून आत आला, तेव्हा मात्र त्याचा जुना कागद काढताना मी थबकले. हा त्याचा तिसरा झटका होता. पहिला दोन वर्षांपूर्वी उजव्या डोळ्यात आला होता, दुसरा त्यानंतर आठ महिन्यांनी डाव्यात, आणि आता पुन्हा डाव्यात. दोन्ही वेळा मीच त्याला तपासले होते आणि दोन्ही वेळा तो पूर्ण बरा होऊन गेला होता.

त्याच्या गावातल्या औषधाच्या दुकानातून ‘डोळे आलेत’ म्हणून दिलेले थेंब त्याने पाच दिवस घातले होते. डोळे येतात तेव्हा चिकटा धरतो, खाज सुटते, आणि बहुधा एकामागून एक दोन्ही डोळे लाल होतात. याच्या डोळ्यात चिकटा नव्हता. लाली बुबुळाच्या कडेभोवती दाटली होती, आत ठणका होता, नजर धूसर झाली होती आणि दाराच्या फटीतून येणारा उजेडही त्याला सोसत नव्हता. हा डोळ्याच्या आतल्या पुढच्या भागाचा दाह, ज्याला आम्ही अँटीरियर युव्हिआयटिस म्हणतो. त्यावर वेळेत उपचार झाले नाहीत तर बाहुलीची कड मागच्या भिंगाला चिकटते आणि दृष्टी कायमची अधू होऊ शकते.

त्याला स्लिट लॅम्पसमोर, म्हणजे डोळ्यात बारीक प्रकाशपट्टा टाकून पाहण्याच्या भिंगाच्या यंत्रासमोर, बसवून मी नेहमीप्रमाणे म्हणाले, “हनुवटी इथे ठेवा, कपाळ पट्टीला टेकवा.” माणूस हे करताना पाठीला नकळत बाक देतो, मान थोडी पुढे काढतो. याने तसे केले नाही. त्याने आधी दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली, स्टूल पुढे ओढले आणि फळी कलंडावी तसा कमरेतून सबंध पुढे झुकला. पाठीचा एकही मणका वाकलेला मला दिसला नाही. भिंगातून पाहिले तर आत अपेक्षित तेच चित्र होते. वखारीच्या कौलांतल्या फटीतून कवडसा पडावा आणि त्यात तंबाखूची धूळ तरंगताना दिसावी, तशा त्या बारीक प्रकाशपट्ट्यात पांढऱ्या पेशी तरंगत होत्या, आणि बाहुली एका बाजूला चिकटून तिचा गोल मोडला होता. तेवढ्यात माझ्या मदतनीस मुलीने मागून त्याला हाक मारली. मान वळवण्याऐवजी तो स्टुलासकट अख्खा वळला.

मी दिवा बंद केला आणि विचारले, “पाठ दुखते का?”

“मॅडम, पोती उचलणाऱ्याची पाठ दुखणार नाही तर कुणाची?” असे उत्तर आले. दोन वर्षांपूर्वी मी हा प्रश्न विचारला असता, तरी या उत्तरावर बहुधा समाधान मानले असते, इतके ते पटण्याजोगे होते. या वेळी मी पुढे विचारले, “कधी जास्त दुखते?”

त्याने आईकडे पाहिले. आईच म्हणाली, “सुट्टीदिवशी बघा बाई. कामाला गेला की बरा असतो, घरात पडला की कण्हतो. शेजारीपाजारी म्हणतात, पोरगं कामाला लागलं की दुखणं विसरतं, म्हणजे सोंग असणार.”

त्या एका वाक्यात निदान होते. पोती उचलून, गादी सरकून किंवा स्नायू ताणून दुखणारी पाठ कामाने वाढते आणि पडून राहिल्याने निवते. मणक्यांच्या सांध्यांना दाह झाला असेल तर नेमके उलटे घडते. विश्रांती घेतली की सांधे आखडतात आणि हालचाल केली की सुटतात. मग मी एकेक विचारत गेले आणि तो सांगत गेला. पहाटे तीन-चारला दुखण्याने जाग येते, मग तो अंगणात फेऱ्या मारतो. सकाळी उठल्यावर तासभर कंबर धरलेली असते, वाकून पायतानही घालता येत नाही, कढत पाण्याने आंघोळ केली की जरा मोकळे वाटते. “दहा पोती झाली की मग काय नाही मॅडम, गाडी तापल्यासारखं होतंय.” दुखणे कधी डाव्या कुल्ल्यात असते, कधी उजव्या. सुरुवात कधी झाली, तर बाविसाव्या वर्षी, हळूहळू. कुठे पडला नव्हता की काही लागले नव्हते.

सात वर्षे झाली होती. आईने प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्या सात वर्षांचे कागद टेबलावर ओतले. कमरेच्या मणक्यांचा एमआरआय होता, त्यात एक गादी किंचित फुगलेली दाखवली होती, आणि त्यावरून ‘मणक्यात गॅप आहे’ असे त्याला सांगण्यात आले होते. दुखत नसलेल्या कित्येक माणसांच्या एमआरआयमध्येही एवढी फुगलेली गादी सापडते. मग पट्टा झाला, वजने लावून कंबर ओढून झाली, एका ठिकाणी मणका बसवून घेतला, आणि दोनदा महिना-महिना सक्तीची विश्रांती झाली. त्या विश्रांतीत तो सर्वांत जास्त आखडला होता. इतक्या जणांनी पाठ पाहिली त्यांना डोळ्याचे कोणी सांगितले नव्हते, आणि मी दोनदा डोळा पाहिला तेव्हा पाठीचे विचारले नव्हते. डोळ्याचा हा दाह आणि मणक्यांचा दाह एकाच आजारात होऊ शकतात, हा संबंध मी वैद्यकीच्या अभ्यासक्रमात शिकले होते, परीक्षेत लिहिलाही होता. रांगेत वीस माणसे बसलेली असताना मी फक्त डोळा पाहिला. याचे मला आजही वाईट वाटते, कारण पहिल्या भेटीतच विचारले असते तर त्याची दोन वर्षे वाचली असती.

नजर तपासण्याचा तक्ता माझ्या खोलीत ज्या भिंतीवर आहे, त्या भिंतीला मी त्याला टाचा आणि पाठ लावून ताठ उभे केले आणि डोक्याची मागची बाजू भिंतीला टेकवायला सांगितली. निरोगी तरुणाचे डोके सहज टेकते. याचे डोके आणि भिंत यांत माझी तीन बोटे मावली. तो घाम येईपर्यंत प्रयत्न करत होता. ते पाहून आई एकदम म्हणाली, “बाई, माझा थोरला भाऊ असाच आहे. तो तर आता वाकूनच गेलाय, समोरच्याचं तोंड बघायला सगळा मागं रेलतो.” भावाने तरुणपणी उसाच्या मोळ्या वाहिल्या म्हणून तो वाकला, असे घरात सगळे धरून चालले होते.

मी डोळ्याचे उपचार लगेच सुरू केले. प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचे थेंब जागेपणी दर तासाला, आणि बाहुली मोठी करून चिकटलेली कड सुटावी म्हणून दुसरे थेंब. स्टेरॉइडचे थेंब एकदम बंद करायचे नसतात, आठवड्या-आठवड्याने कमी करत न्यायचे असतात. पाठीसाठी मी बेळगावच्या संधिवाततज्ज्ञांना सविस्तर पत्र लिहिले आणि दुपारी त्यांना फोनही केला, कारण नुसत्या चिठ्ठीवर आमच्याकडचा रोगी महामार्गाने पाऊणशे किलोमीटर जाईलच असे नसते.

त्यांनी मागवलेल्या तपासण्या मला महत्त्वाच्या वाटतात. या आजाराची सुरुवात बहुधा कंबर आणि माकडहाड यांच्या बाजूला असलेल्या सॅक्रोइलियाक सांध्यांत होते. कमरेच्या मणक्यांचा नेहमीचा एमआरआय केला तर हे सांधे नीट पाहिलेच जात नाहीत. त्यांचा एमआरआय वेगळा सांगून मागवावा लागतो. साध्या एक्स-रेत हे बदल दिसायला अनेक वर्षे जातात, एमआरआयमध्ये मात्र हाडातली सूज आधीच दिसते. याच्या दोन्ही सांध्यांत सूज होती, आणि सात वर्षे गेल्यामुळे एक्स-रेतही सांध्याच्या कडा कुरतडल्यासारख्या झालेल्या होत्या. रक्तात दाह दाखवणारे सीआरपी वाढलेले होते आणि एचएलए-बी२७ हे जनुक सापडले. हे जनुक आणि हा आजार यांचे नाते १९७३ साली उजेडात आले. पण ज्यांच्यात ते आहे अशा बहुतेकांना आजार कधीच होत नाही, म्हणून तेवढ्या एका कागदावर निदान करता येत नाही; दुखण्याची हकीकत, तपासणी, चित्रे आणि रक्त हे सगळे जुळावे लागते.

आजाराचे नाव अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस आहे हे ऐकून घरच्यांना हायसे वाटले, आणि त्याचीच मला काळजी वाटली. आमच्या भागात मान दुखली की प्रत्येकाला ‘स्पॉन्डिलायटिस’ सांगितला जातो, तेव्हा तो सगळ्यांनाच असतो असा त्यांचा समज झाला. वयामुळे मणके झिजतात ती झीज वेगळी. या आजारात शरीराची संरक्षणव्यवस्थाच सांध्यांवर उठते, हाड आणि स्नायुबंध जिथे जुळतात तिथे दाह होतो, आणि बरी होताना ती जागा हाडाने भरून निघते. अशी वर्षे गेली की मणके एकमेकांना जोडले जाऊन पाठीचा कणा बांबूसारखा सलग होतो. मामांचे तेच झाले होते. मी कागदावर दोन मणके काढून, त्यांमध्ये पूल बांधला जातो तसे हाड काढून दाखवले. तो बराच वेळ त्या चित्राकडे पाहत राहिला आणि मग त्याने विचारले, “आता थांबतंय का हे?”

उपचार साध्या गोळ्यांपासूनच सुरू झाले. दाहशामक वेदनाशामक गोळी दुखले तर घ्यायची नाही, तर ठरलेल्या पूर्ण मात्रेत, जठर आणि मूत्रपिंडे सांभाळत, रोज घ्यायची, हे पटवणे कठीण गेले. नेप्रोक्सेन, मग एटोरिकॉक्सिब असे क्रमाने देऊन पाहिले. पहाटेची जाग कमी झाली, पण आखडणे निम्मेच उतरले, सीआरपी खाली आले नाही. बोटांच्या सांध्यांच्या संधिवातात चालणाऱ्या मेथोट्रेक्सेटसारख्या गोळ्या कण्याच्या या दुखण्यावर फारशा लागू पडत नाहीत, म्हणून पुढची पायरी ॲडॅलिम्युमॅबच्या इंजेक्शनची होती. दाह पेटवणाऱ्या टीएनएफ या प्रथिनाला ते अडवते, आणि डोळ्याचे झटकेही कमी करते. आपल्या देशात तयार होणारे ॲडॅलिम्युमॅब आता मिळते म्हणून या घराला त्याचा विचार तरी करता आला. तरीही खर्चासाठी आईला सोने मोडावे लागले.

या इंजेक्शनाने शरीरात दबून बसलेला क्षयरोग उफाळू शकतो, म्हणून आधी छातीचा एक्स-रे आणि क्षयाच्या चाचण्या झाल्या. एक्स-रे स्वच्छ होता, पण त्वचेवरची चाचणी आणि रक्तचाचणी दोन्ही दबलेला क्षय दाखवत होत्या. महिनाभर आयसोनियाझिडच्या गोळ्या दिल्यावर मगच पहिले इंजेक्शन दिले गेले, आणि त्या गोळ्या सहा महिने पूर्ण केल्या. त्या महिन्यात तो वैतागून दोनदा माझ्याकडे आला. हा महिना वाया जात नाही, तो तुमच्या फुप्फुसांसाठी आहे, हे मी त्याला दोन्ही वेळा बसवून सांगितले.

इंजेक्शन दर पंधरा दिवसांनी चाळीस मिलिग्रॅम, पोटाच्या कातडीखाली. ते दोन ते आठ अंशांत ठेवावे लागते आणि गोठूही द्यायचे नसते. घरी फ्रीज नव्हता. गावातल्या औषध दुकानदाराने आपल्या फ्रीजमध्ये एक खण रिकामा करून दिला आणि वरच्या बर्फाच्या कप्प्याला लागू नये म्हणून डबी फडक्यात गुंडाळून ठेवली. तो सुई स्वतः टोचून घ्यायला शिकला.

इंजेक्शनाइतकाच आग्रह व्यायामाचा होता. रोज वीस मिनिटे पालथे झोपणे, उशी पातळ ठेवणे, भिंतीला पाठ लावून उभे राहणे, छाती फुगवून श्वास घेणे. पोहणे यात सर्वांत चांगले असे सांगितल्यावर त्याचा चेहरा खुलला, कारण लहानपणी तो मळ्यातल्या विहिरीत तासन्‌तास पोहत असे आणि दुखणे सुरू झाल्यावर घरच्यांनी ते बंद केले होते. विडी सोडण्याचे मात्र अवघड होते. धूम्रपानाने या आजारात कण्याचे नुकसान वाढते, औषधांचा गुणही कमी येतो. आई मांडीवर सूप घेऊन तेंदूची पाने कातरत, विड्या वळून घर चालवत होती. तिच्यासमोर हे बोलताना माझी जीभ अडखळली. तीच म्हणाली, “मी वळते ती विकायला वळते बाई. तू ओढायची नाहीस रे.” त्याला सुटायला सहा महिने लागले.

तीन महिन्यांत सकाळचे आखडणे तासावरून दहा मिनिटांवर आले. वर्षभरात डोळ्याचा एकही झटका आला नाही. भिंतीपाशी अजूनही एक बोट मावते. जे जुळून गेले ते परत सुटत नाही. माझ्या खोलीत आता एकाच डोळ्याचा असा दाह घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला मी पाठीचे विचारते, कन्नड बोलणाऱ्याला “सोंट नोवू इदेया?” असे विचारते, आणि ‘हो’ म्हणाला की कामाच्या दिवशी जास्त की सुट्टीच्या, हा दुसरा प्रश्न लगेच जोडते.

गेल्या महिन्यात तो मामांना घेऊन आला. त्यांना दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. त्यांची हनुवटी स्लिट लॅम्पपर्यंत आणण्यासाठी टेबल पार खाली घेऊन त्यांना उभ्यानेच तपासावे लागले. शस्त्रक्रियेच्या टेबलावर ते उताणे झोपू शकत नाहीत, डोके अधांतरी राहते. परवा आम्ही सराव करून पाहिला. टेबलाचा पायाकडचा भाग उंच केला, डोके आणि खांदे यांच्याखाली चार उशा रचल्या, पाचवी भाच्याने स्वतः सरकवली, तेव्हा कुठे मामांचा चेहरा दिव्यासमोर आला. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे.