काळ्या गाडीचे पॉलिश, हाताने आणि मशिनने: माझा अनुभव

आमची फोक्सवॅगन व्हेंटो 2013 सालची, चाकणच्या कारखान्यात तयार झालेली आणि काळ्या रंगाची आहे. काळा रंग काहीच लपवत नाही. सावलीत उभी असताना गाडी बरी दिसायची, पण उन्हात आणली की बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळिष्टकासारखी बारीक वर्तुळे उमटायची. प्रत्यक्षात ते चरे सर्व दिशांना गेलेले असतात. त्यांपैकी प्रकाशाला आडवे असणारे तेवढेच चमकतात, म्हणून दिव्याभोवती गोल जाळे दिसते. त्यांचे मूळ शोधायला फार लांब जावे लागत नाही. आमच्या सोसायटीत रोज सकाळी एका बादलीत आणि एकाच फडक्याने ओळीने गाड्या पुसल्या जातात, आसपासच्या बांधकामांची धूळ त्या फडक्यात साठत जाते आणि मग तेच फडके रंगावरून दाबून फिरते. उपाय म्हणून पूर्वी एका गॅरेजमध्ये रबिंग-पॉलिश करून घेतले होते. गाडी ताब्यात मिळाली तेव्हा लखलखत होती; पुढच्या काही धुण्यांत पॉलिशमधले तेल निघून गेले, तेलाने भरलेले चरे पुन्हा उघडे पडले आणि लोकरीच्या पॅडने घाईत फिरवलेल्या मशिनचे धुरकट पट्टे प्रत्येक दारावर दिसू लागले. म्हणून या वेळी हे काम स्वतःच, नीट समजून घेऊन करायचे ठरवले.

समजून घेण्यासारखी पहिली गोष्ट म्हणजे रंगाची जाडी. पत्र्यावर गंजरोधक लेप, त्यावर प्रायमर, मग रंग आणि सर्वांत वर पारदर्शक क्लिअर कोट असे थर असतात आणि कारखान्यातून निघालेल्या गाडीवर हे सगळे मिळून साधारण 100 ते 140 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग) भरतात. त्यातला क्लिअर कोट अवघा 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीपेक्षाही कमी असतो. पॉलिश केल्याने गाडीवर काही चढते असे अनेकांना वाटते. मशीन खरे तर हाच पारदर्शक थर चऱ्यांच्या तळापर्यंत घासून सपाट करत असते. गेलेला थर परत येत नाही. त्यामुळे चकाकी किती आणायची यापेक्षा थर किती कमी घालवायचा हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो, आणि पुढचा प्रत्येक निर्णय मी त्याच कसोटीवर घेतला. रंगकामाच्या व्यवसायात असलेल्या एका मित्राकडून जाडी मोजण्याचे मीटर आणून आधी सगळी गाडी मोजली. छत आणि बॉनेट 110 ते 120 च्या दरम्यान होते, मागच्या उजव्या दाराने मात्र 230 दाखवले, म्हणजे ते दार पूर्वी कधीतरी पुन्हा रंगवलेले होते. हे मीटर एकूण जाडी सांगते, त्यातला क्लिअर कोट किती हे सांगत नाही, आणि प्लॅस्टिकच्या बंपरवर तर ते चालतच नाही. त्यामुळे बंपरवर हात राखूनच काम करायचे हे तेव्हाच ठरले.

मशीन हातात घेण्यापूर्वीच्या तयारीला माझा सर्वांत जास्त वेळ गेला आणि तो तसाच जायला हवा. दोन बादल्या घेतल्या, एकीत शाम्पूचे पाणी आणि दुसरीत हातमोजा खळबळण्यासाठी साधे पाणी, दोहोंच्या तळाशी जाळी, जेणेकरून खाली बसलेली रेती पुन्हा वर येणार नाही. छतापासून खाली धूत आलो आणि चाकांना वेगळे फडके वापरले. गाडी बरेचदा आंब्याच्या झाडाखाली लागते आणि मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांच्या चिकट स्रावाचे ठिपके काचेवर व छतावर पडतात. ते भिजवून सैल होऊ दिले, कोरडे घासले नाहीत. मग ब्रेकच्या झिजेतून उडणारे लोखंडाचे कण काढणारा द्राव फवारला. काही मिनिटांतच दारांच्या खालच्या भागावरून आणि चाकांवरून जांभळे ओघळ वाहू लागले. धुऊन स्वच्छ दिसणाऱ्या रंगात एवढे लोखंड रुतलेले असते हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पटत नाही. बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग व्हिनेगर आणि पाणी निम्मे-निम्मे घेऊन, फडके थोडा वेळ त्यावर ठेवून लगेच धुतले. बरेचसे गेले, काहींनी मात्र क्लिअर कोटमध्ये खड्डा केला होता.

त्यानंतर हातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून बॉनेटवरून बोटे फिरवली. उघड्या बोटांना गुळगुळीत लागणारा रंग पिशवीतून खरखरीत लागतो. ही खरखर क्ले बारने काढली: शाम्पूचे पाणी भरपूर फवारून मातीचा तो चपटा गोळा जवळजवळ दाब न देता सरळ रेषेत पुढे-मागे न्यायचा, गोळ्याचा तळ राखाडी झाला की घडी घालून नवी बाजू काढायची, आणि जमिनीवर पडला तर तो तुकडा टाकून द्यायचा. क्लेमुळे काळ्या रंगावर बारीक रेघा उमटतात, त्यामुळे मागाहून मशीन मारायचे नसेल तर उगाच क्ले फिरवू नये असे माझे मत आहे.

गाडी वाळवून सावलीत घेतली, काचेची रबरे, काळे प्लॅस्टिक आणि दारांच्या कडा मास्किंग टेपने झाकल्या. टेप केवळ पांढरे डाग टाळण्यासाठी नसते. कडांवर आणि पत्र्याच्या उभारलेल्या रेघांवर रंग सर्वांत पातळ असतो आणि पॅडचा सगळा भार तिथे एका अरुंद पट्टीवर पडतो, त्यामुळे रंग फाटलाच तर तो तिथेच फाटतो. मशीन मी ड्युअल अ‍ॅक्शन प्रकारचे, 15 मिलीमीटर फेऱ्याचे (म्हणजे पॅड तेवढ्या व्यासाच्या वर्तुळात हेलकावते) घेतले. गॅरेजमधले रोटरी एकाच अक्षाभोवती फिरते, झपाट्याने कापते आणि तेवढ्याच झपाट्याने तापवतेही. सराईत हातात ते उत्तम हत्यार आहे. ड्युअल अ‍ॅक्शनचे पॅड फिरते आणि हेलकावतेही, आणि दाब फार वाढला की त्याचे फिरणे थांबून नुसते थरथरणे उरते. पॅडमागच्या प्लेटवर मार्करने एक जाड रेघ ओढली की पॅड फिरते आहे की नाही हे काम करता करता दिसते. घरी काम करणाऱ्याने ही रेघ ओढल्याशिवाय सुरुवात करू नये.

सुरुवात बॉनेटवरच्या दोन फूट बाय दोन फुटांच्या चौकोनात केली. आधी मऊ फोम पॅड आणि बारीक फिनिशिंग पॉलिश वापरून पाहिले, कारण सौम्य उपायाने भागत असेल तर कडक उपाय करण्यात अर्थ नाही. टॉर्चच्या उजेडात पाहिले तर हलकी धूसरता गेली होती, जाळे तसेच होते. मग मध्यम फोम पॅड घेऊन तेच पॉलिश, आणि अखेर मध्यम पॅडसोबत कंपाउंड, म्हणजे पॉलिशपेक्षा जास्त कापणारा लेप, असे चढत गेल्यावर हवा तो परिणाम मिळाला. मायक्रोफायबरच्या जास्त कापणाऱ्या पॅडची गरज भासली नाही. त्या चौकोनाची जाडी मीटरवर जवळपास तेवढीच आली. त्या मीटरला पकडता येणार नाही इतकाच थर गेला होता.

पुढचे काम चिकाटीचे होते. कोऱ्या पॅडला कंपाउंड चोळून सगळा पृष्ठभाग ओलसर करायचा, मग वाटाण्याएवढे तीन-चार थेंब, मशीन बंद असताना ते पसरून घ्यायचे आणि नंतर चालू करून आधी आडवे, मग उभे, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवत, मुंगीच्या गतीने न्यायचे. हात भराभर फिरवला की कापणी होत नाही, नुसता रंग तापतो. पॅड टेकलेले असेपर्यंत मशिनचा आवाज भरीव येतो. कड उचलली गेली की तो हलका आणि चढा होतो, आणि काही वेळाने डोळ्यांपेक्षा कानच आधी सांगू लागतात. प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने झाडायचे, कारण कापलेल्या क्लिअर कोटचा चिकटा त्यात साचतो आणि तोच नवे चरे पाडतो. पत्र्याला अधूनमधून पालथा हात लावून पाहायचा; कोमट चालतो, चटका नको. प्लॅस्टिकच्या बंपरवरची उष्णता लवकर निवत नाही, तिथे मशिनची गती कमी ठेवली.

दारांच्या हँडलमागच्या खोबणी, आरशांच्या मुळाशी असलेली जागा आणि नंबरप्लेटभोवतीचा भाग मशिनला पोचण्यासारखा नव्हता. हँडलमागे बारा महिने नखे आणि अंगठ्या लागतात, तिथले चरे सर्वांत दाट होते. छोटे फोम ॲप्लिकेटर बोटांवर घेऊन, थोडे कंपाउंड लावून, गोल न फिरवता मागे-पुढे, पुन्हा पुन्हा घासले. हाताने मशिनइतके सपाट होत नाही, पण बोटांना कडा कळते आणि तिथे हात आपोआप हलका होतो. तिथल्या बऱ्याच रेघा मऊ झाल्या, सगळ्या गेल्या नाहीत.

कंपाउंडनंतर काळ्या रंगावर एक अगदी फिकट दुधाळ झाक राहिली होती. ती मऊ पॅड आणि फिनिशिंग पॉलिशच्या हाताने निघाली, आणि माझ्या दृष्टीने गाडीचा खरा काळेपणा याच टप्प्यावर परत आला: बॉनेटमध्ये समोरच्या इमारतीच्या खिडक्यांचे गज वेगवेगळे मोजता येऊ लागले. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून प्रत्येक भाग पुसला. पॉलिशच्या तेलाने एखादा चरा भरून राहिला असेल तर या पुसण्याने तो उघडा पडतो, आणि गॅरेजमधल्या त्या पॉलिशच्या वेळी नेमके हे पुसणेच झालेले नव्हते. मागच्या डाव्या दारावर एक लांब ओरखडा आहे, त्यात नख अडकते. नख अडकते एवढा खोल ओरखडा घालवायला तिथला क्लिअर कोट संपवावा लागला असता, म्हणून त्याची धार तेवढी बोथट करून तो तसाच ठेवला.

शेवटी संरक्षण. सिरॅमिक कोटिंगचा, म्हणजे रंगावर कडक पारदर्शक थर बसवणाऱ्या लेपाचा, बराच विचार केला. ते कित्येक महिने टिकते हे खरे, पण आमच्या बोअरच्या पाण्याचे डाग कोटिंगवरही बसतात आणि ते घासून काढायचे तर कोटिंगही जाते. त्याऐवजी ब्राझीलमधल्या ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळणारे कार्नोबा मेण असलेले वॅक्स हाताने, अगदी पातळ थरात लावले. ते आमच्या उन्हात दीड-दोन महिन्यांवर टिकत नाही, मात्र लावायला सोपे आहे. गाडी पुसणाऱ्या काकांशी बोलून रोजचे पुसणे बंद केले, त्यांच्या पैशांत कपात केली नाही. आता ते आठवड्यातून एकदा आमच्याच दोन बादल्या आणि हातमोजा घेऊन गाडी धुतात, आणि पाणी अंगावर वाळण्याआधी जाड मायक्रोफायबर टॉवेल नुसता ठेवून उचलतात.