भाजीपाशी अडलेलं घड्याळ

"रिटायर झाल्यावर युंग वाचता म्हणे. मग लागला का स्वतःचा शोध?" इथे बडोद्यात दांडिया बाजारात दुकानाच्या पायरीवर, लग्नाच्या पंगतीत, कुठेही मला हा प्रश्न येतो. युंग म्हणजे मनाचा तळ धुंडाळणारा स्विस मनोविकारतज्ज्ञ. विचारणाऱ्याच्या आवाजात जरा थट्टा असते. असणारच. बाईंनी ३१ वर्षं मराठीचं व्याकरण शिकवलं, आता हे काय खूळ!

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. सापडलं काहीतरी, पण जे सापडेल असं वाटलं होतं ते नव्हे. आपल्या आत खोल कुणीतरी शहाणी, शांत बाई बसलेली असेल, तिची भेट होईल, अशी माझी समजूत होती. पुस्तकाच्या पहिल्या चाळीस पानांपर्यंत ती टिकली.

मग नातीनं माझी परीक्षा घेतली. ती इथेच युनिव्हर्सिटीत मानसशास्त्र शिकते. परीक्षा युंगची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झुरिकच्या मनोरुग्णालयात नोकरीला असताना त्यानं ती भरपूर वापरली. शंभर शब्दांची यादी. एकेक शब्द म्हणायचा, समोरच्यानं सुचेल तो पहिला शब्द बोलायचा आणि किती वेळ लागला ते स्टॉपवॉचवर मोजायचं. माणूस अडखळला, उगाच हसला, शब्दच परत विचारला, की तिथे काहीतरी दडलंय असं समजायचं.

"खडू." "फळा."

"नदी." "मगर." (विश्वामित्रीच्या काठी राहणाऱ्यांना दुसरं काय सुचणार!)

"भाजी."

"कोणती भाजी?" मी म्हटलं.

"प्रश्न नाही विचारायचा आजी. सात सेकंद झाले."

माझी आई बडोद्याचीच. तिच्या बोलण्यात भाजीला शाक आणि झोपाळ्याला हिंचका. माझ्याही होतं. बी.एड.ला पुण्यात गेले, मेसमध्ये पहिल्याच दिवशी "शाक वाढा" म्हणाले आणि अख्खं टेबल हसलं. तिथून मी जी भाषा घेऊन आले, तीच पुढे वर्गात चालवली. लग्नानंतर सासरची मंडळी माहेरी जेवायला आली, तेव्हा आई पातेलं घेऊन वाढत होती. "शाक घ्या ना अजून, आपल्याच घरचं आहे." मी सगळ्यांदेखत म्हटलं, "भाजी, आई." ती पळी तशीच धरून क्षणभर उभी राहिली. त्यानंतर माझ्या घरी आली की ती फारशी बोलत नसे. मला वाटायचं, वय झालं.

न्यूनगंड हा शब्द आपण ऊठसूट वापरतो. न्यूनगंड ॲडलर या मानसशास्त्रज्ञाच्या नावावर गेला, पण त्यातल्या 'गंडा'ला मानसशास्त्रात चलन मिळवून दिलं ते युंगनं. आठवणींची आणि भावनेची अशी गाठ, की आपल्याला न विचारता परस्पर कारभार करते. इथवर मला पटत होतं. पुढे वाचलं आणि पुस्तक मिटलं. त्याच्या लेखी आपला 'मी' हासुद्धा एक गंडच. मधोमध बसलेला खरा, पण अनेकांतला एक. म्हणजे घर माझं समजून इतकी वर्षं ज्यांना मी दटावत होते, त्यांच्यासारखीच मीही भाडेकरू.

युंगचं एक स्वप्न मला आवडतं, कारण त्यात मान डॉक्टरचीच दुखते. एका बाईवर उपचार चालले होते आणि काही केल्या पुढे सरकत नव्हते. स्वप्नात ती उंच बुरुजावर बसलेली. तिला नीट पाहायला यानं मान इतकी मागे टाकली की जागा झाला तो अवघडलेली मान घेऊन. त्यानं हिशेब मांडला: स्वप्नात इतकं वर पाहावं लागतंय, त्या अर्थी जागेपणी मी हिच्याकडे खाली पाहत असणार. तसं त्यानं तिला सांगितलं आणि उपचार मार्गी लागले.

मला बुरूजबिरूज दिसत नाहीत. आई हिंचक्यावर असते आणि मी खाली फरशीवर लाल पेन शोधत असते.

युंग 'मी'पेक्षा मोठ्या अशा अख्ख्या माणसाला 'स्व' म्हणतो, आणि ही कल्पना मांडताना उपनिषदांतला आत्मा त्याच्यासमोर होता. आपलं 'आपण' त्याच 'आत्मन्'वरून आलंय, प्राकृतातल्या 'अप्पण'च्या वाटेनं. आत्मवाचक सर्वनाम म्हणून मी ते इतकी वर्षं फळ्यावर लिहिलं, पुढे कंसात गुण. 'आम्ही' म्हटलं की समोरचा बाहेर राहतो, 'आपण' म्हटलं की आत येतो, हेही शिकवलं. आई पळी घेऊन तेच तर करत होती. व्याकरण तिचं बरोबर होतं.

नातीला वाटतं, आजी आता मवाळ झाली. स्वप्नांची वही तिनं पाहिलेली नाही. उठल्या उठल्या मी तीत आई जे बोलली ते तिच्याच शब्दांत उतरवते, शाक तर शाक. परवा मागची पानं चाळली. 'हिंचका'खाली लाल रेघ होती आणि समासात माझ्याच अक्षरात 'झोपाळा'. कधी लिहिलं, आठवत नाही.