धाव, बल्ल्या आणि घाट: अचलपूर ते चिखलदरा, उतरणीच्या मागावर

अमरावतीहून परतवाड्याकडे निघालं की अचलपूर तालुक्यात संत्र्याचे बगीचे लागतात. त्यातल्या एका जुन्या विहिरीपाशी आम्ही थांबलो. ओलित आता मोटरपंपावर आहे, पण मोट, म्हणजे पाणी उपसायची मोठी पिशवी, जिथे रिकामी होते त्या थारोळ्याचे दगड आणि मोट ओढणाऱ्या बैलांची उतरती वाट, म्हणजे धाव, जागच्या जागी आहेत.

शाळेत साधं यंत्र म्हणून उतरण शिकवतात ती ओझं वर चढवण्यासाठी. धावेवर उलटं घडतं: बैल उतरतात आणि मोट चढते. जोडीचं वजन 700 किलो आणि धाव सात हातांत एक हात उतरती धरली, तर बैलांच्या वजनातूनच नाड्याला, म्हणजे मोटेच्या दोराला, सुमारे 100 किलोची ओढ मिळते. दीडशे लिटरच्या मोटेसाठी मग जोर लावून ओढायचे राहतात साठ-सत्तर किलो, त्यात मोटेचं स्वतःचं वजन आणि चाकाचं घर्षण आलं. धाव आणखी उभी केली तर ओढ वाढेल, पण मोट रिकामी झाल्यावर बैलांना त्याच धावेवरून मागे सरत वर यायचं असतं. उभ्या धावेवर तिथे खूर घसरतात. लांबीचा हिशेब सरळ आहे: पाण्यापासून थारोळ्यापर्यंत जितकी उंची, निदान तितकी धाव. चैत्रात पाणी खोल गेलं आणि धाव आखूड असली, तर बैल टोकाला पोचतात तरी मोट अधांतरीच राहते.

परतवाड्यात मेळघाटच्या सागाचे डेपो आहेत. ट्रकमध्ये ओंडके चढवण्याची जुनी रीत म्हणजे दोन बल्ल्या (लांब लाकडी वासे) आणि दोन दोर, आणि उतरण समजून घ्यायला आम्हाला याहून चांगली जागा माहीत नाही. तीन मीटर लांब, दीड मीटर घेराचा वाळलेला सागाचा ओंडका साधारण 350 किलोचा. ट्रकचा फाळका 1.2 मीटर उंच, बल्ल्या 3.6 मीटर लांब, म्हणजे लांबी उंचीच्या तिप्पट. घर्षण नसतं तर 117 किलोच्या जोरात काम झालं असतं. पण ओंडका घसटत नेला तर लाकडावर लाकूड घासतं आणि जोर अडीचशे किलोच्या आसपास जातो. उतरणीने वाचवलेलं बरंचसं घर्षण खाऊन टाकतं. बल्ल्या लांब करूनही ते फारसं घटत नाही, उलट लांब बल्ल्या मधोमध वाकतात.

म्हणून ओंडका आडवा ठेवून लोळवतात. दोराचं एक टोक ट्रकला बांधायचं, दोर ओंडक्याखालून घेऊन परत वर आणायचा आणि ट्रकवरून ओढायचं. ओंडका स्वतःच कप्पीसारखा वागतो आणि जोर निम्मा होतो: दोन्ही दोर मिळून साठेक किलो, वर लोळण्याचा थोडा अडथळा. दर दोराला दोन माणसं पुरतात. दोर मात्र दुप्पट ओढावा लागतो. श्रमाचा एकूण हिशेब कुठेच कमी होत नाही.

बिघडतं ते बुंध्यामुळे. बुंध्याकडचा घेर मोठा, त्यामुळे एका फेऱ्यात ते टोक पुढे पळतं आणि ओंडका तिरपा होतो. बुंध्याकडचा दोर रोखून धरायचा, शेंडा बरोबरीला आला की पुन्हा दोघांनी ओढायचं. बल्ल्यांची वरची टोकं फाळक्याला बांधलेली आणि खालची जमिनीत रुतवलेली हवीत. ओल्या सालीची बल्ली वापरू नये. आणि ओंडक्याच्या खालच्या अंगाला कोणीही उभं राहू नये, पाचर मारायलाही बाजूनेच यावं.

इतकी जुनी युक्ती, तरी प्राचीन ग्रीक यंत्रज्ञ हेरॉनच्या साध्या यंत्रांच्या यादीत उतरण नाही. तरफ, रहाट, कप्पी, पाचर आणि स्क्रू एवढीच पाच. इजिप्तमध्ये हातनूबच्या दगडखाणीत पिरॅमिड बांधणाऱ्या खुफू राजाच्या काळातली, 20 टक्क्यांहून तीव्र उतरण 2018 मध्ये उजेडात आली. तिच्या दोन्ही बाजूंना पायऱ्या आणि खांबांचे खळगे आहेत. वापर होता, हिशेब नव्हता. उतरणीवर किती जोर लागतो याचं बरोबर उत्तर तेराव्या शतकात युरोपातला गणिती योर्डानुस याच्या परंपरेत आलं. फ्लेमिश गणिती सिमोन स्टेव्हिनने 1586 मध्ये ते ज्या रीतीने पटवलं, ती आम्हाला सगळ्यांत देखणी वाटते. त्रिकोणाची एक बाजू दुसरीच्या दुप्पट, त्यावरून 14 गोळ्यांची माळ टाकलेली. माळ आपोआप फिरू लागली तर थांबणारच नाही, आणि तसं होणं शक्य नाही. खाली लोंबणारे आठ गोळे दोन्हीकडे सारखेच ओढतात, ते काढून टाका. उरतं काय? लांब बाजूचे चार गोळे आखूड बाजूच्या दोन गोळ्यांना तोलून धरतात.

परतवाड्याहून चिखलदऱ्याला घाटाने सुमारे 30 किलोमीटर. चढ एकंदर सातशे मीटरच्या घरात. प्रत्येक वळण म्हणजे लांबवलेली उतरण. खरी परीक्षा परतताना होते. 15 टनांचा भरलेला ट्रक सातशे मीटर खाली येताना जी ऊर्जा सोडतो, तिच्यात सुमारे 300 लिटर पाणी उकळीला येईल. ती सगळी ब्रेकवर टाकली तर ब्रेक तापून धरेनासे होतात. ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल करू नका, जळका वास आला की रुंद जागा बघून थांबा. चाकाला दगड लावायचा तो उताराच्या बाजूने, आणि निघताना तो रस्त्यावरून उचलून कडेला ठेवायचा.