सीडर बॉग लेकचा गाळ आणि 10 टक्क्यांचा नियम

अन्नसाखळी शाळेत सगळेच शिकलोय. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, घार, मध्ये बाण काढायचे की मार्क मिळाले. आणि खाली एक वाक्य असायचं, एका पातळीवरून पुढच्या पातळीवर साधारण 10 टक्केच ऊर्जा पोचते. हे वाक्य कुठून आलं ते मात्र वर्गात सहसा कुणी सांगत नाही, आणि मला ती गोष्ट इकॉलॉजीच्या, म्हणजे जीव आणि त्यांच्या परिसराच्या शास्त्राच्या, अख्ख्या इतिहासातली सगळ्यात जवळची वाटते म्हणून आज ती लिहून काढतेय.

इकॉलॉजी हा शब्द 1866 चा, जर्मनीच्या अर्न्स्ट हेकेलचा. पण नाव मिळालं म्हणून शास्त्र उभं राहिलं असं झालं नाही, नंतरची कितीतरी वर्षं मुख्य काम म्हणजे कुठे काय उगवतं, कोण कुणाला खातं याच्या नोंदी. त्यातून मोठा प्रश्न पुढे आणला तो ऑक्सफर्डच्या चार्ल्स एल्टननी. ते 1921 मध्ये विद्यार्थी असतानाच आर्क्टिकमधल्या स्पिट्सबर्गनच्या मोहिमेवर गेले होते, तिथल्या बेअर आयलंडसारख्या उघड्याबोडक्या बेटावर प्राणी इतके कमी की कोण कुणावर जगतं ते नीट मांडता येतं. 1927 च्या पुस्तकात त्यांनी लिहिलं की कुठेही जा, छोटे जीव ढिगानं असतात आणि त्यांना खाणारे मोठे प्राणी वर वर जावं तसे कमी होत जातात, म्हणजे संख्येचा मनोरा. का? तर छोटे जीव भराभर वाढतात आणि त्यांच्यातलं जे जास्तीचं उरतं त्यावर मोठे जगतात, असं त्यांचं उत्तर. चूक नव्हतं, पण त्यात ऊर्जेचा हिशेब नव्हता.

मग 1935 मध्ये इंग्लंडचे वनस्पतिशास्त्रज्ञ आर्थर टान्सली. अमेरिकेत फ्रेडरिक क्लेमेंट्स म्हणायचे की जंगल किंवा गवताळ रान हाच एक मोठा सजीव आहे, तो जन्मतो, वाढतो, प्रौढ होतो. टान्सलींना हे अजिबात पटत नव्हतं. ते म्हणाले, जीव आणि त्यांच्या भोवतीची माती, पाणी, हवा हे सगळं मिळून एक व्यवस्था धरा, आणि तिला त्यांनी इकोसिस्टिम म्हटलं, आपल्या पुस्तकातली परिसंस्था ती हीच. कल्पना छानच, पण अशी परिसंस्था मोजायची कशी?

ते करून दाखवलं रेमंड लिंडमननी. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाचा पीएचडीचा विद्यार्थी, जन्म 1915 चा. त्यानं निवडलं ते सीडर बॉग लेक, जेमतेम मीटरभर खोल, कडेची दलदल आत आत सरकत चाललेली, थोडक्यात म्हातारं झालेलं तळं. तिथे तो आणि त्याची बायको एलेनर काही वर्षं ऋतूंप्रमाणे नमुने गोळा करत राहिले, पाणवनस्पती, प्लँक्टन म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, तळातल्या अळ्या, आणि मग त्या सगळ्याचा हिशेब कॅलरीत.

मला त्याच्या यावरच्या पेपरमधली, म्हणजे शोधनिबंधातली, पहिली आकृती फार आवडते. तळ्यात कोण कुणाला खातं त्याचे बाण आहेत, पण मधोमध मासा नाही की वनस्पती नाही, मधोमध आहे तळाचा गाळ. मेलेलं सगळं तिथे येतं, बॅक्टेरिया ते कुजवतात, काही जीव तो गाळच खातात आणि त्यातलीच पोषकद्रव्यं परत वनस्पतींकडे जातात. तो विचारतो की हळूहळू मरत चाललेली एक पाणवनस्पती घ्या, तिच्यावर बारीक शेवाळ वाढलंय आणि त्यातलंही थोडं थोडं मरतंय, आता यातलं सजीव किती आणि निर्जीव किती, रेघ कुठे मारणार? टान्सलींचा मुद्दा तळ्याच्या पाण्यात बुडवून दाखवला असं वाटतं मला.

आता आकडे. वर्षाला दर चौरस सेंटिमीटरवर सूर्याकडून येतात साधारण 1,18,872 कॅलरी. त्यातल्या वनस्पतींच्या हाती लागतात 111, म्हणजे 0.1 टक्का! वनस्पती खाणाऱ्यांकडे 14.8 आणि त्यांना खाणाऱ्यांकडे 3.1. बाकीची काही श्वसनात उष्णता होऊन जाते, पगारातला बराचसा घरखर्चातच जावा तशी, काही कुणी खातच नाही, काही गाळात जाते. एल्टनच्या मनोऱ्याला असं भक्कम कारण मिळालं, वरच्यांसाठी ऊर्जाच उरत नाही. हिशेब केला तर टक्के येतात साधारण 13.3 आणि 20.9, दहा कुठेच नाही. लिंडमनला उलट वाटत होतं की वर जावं तशी खालच्या पातळीतली ऊर्जा वापरण्याची कार्यक्षमता वाढत जाते, पण पुढच्या अभ्यासांत तसा सरसकट नियम काही टिकला नाही. 10 टक्के ही नंतर रूढ झालेली ढोबळ सरासरी, आणि मुलांना ती नियम म्हणून पाठ करायला लावणं मला खरंच चुकीचं वाटतं.

पीएचडी झाल्यावर तो येल विद्यापीठात तळ्यांचे अभ्यासक जी. एव्हलिन हचिन्सन यांच्याकडे गेला. हे हचिन्सन 1932 मध्ये येलच्या मोहिमेबरोबर लडाखला येऊन तिथल्या तळ्यांचा अभ्यास करून गेलेले. येलमध्ये लिंडमनचा पेपर पक्का झाला, 'इकॉलॉजी' या जर्नलकडे गेला आणि परत आला. तपासणारे चॅन्सी जुडे आणि पॉल वेल्च, दोघंही तळ्यांच्या अभ्यासातली मोठी नावं, त्यांचं म्हणणं की माहिती थोडी आणि गृहीतकंच फार. हचिन्सननी संपादक थॉमस पार्कना पत्र लिहून बाजू मांडली, पार्कनी धाडस केलं आणि पेपर घेतला. तो छापून आला ऑक्टोबर 1942 मध्ये. लिंडमन 29 जूनलाच गेला होता, लिव्हरच्या आजारानं, वय 26.

पुढे हचिन्सनचाच दुसरा विद्यार्थी हॉवर्ड ओडम फ्लोरिडातल्या सिल्व्हर स्प्रिंग्स या झऱ्यावर हीच पद्धत घेऊन गेला आणि 1957 मध्ये त्या अख्ख्या झऱ्याचा ऊर्जेचा जमाखर्च छापला. आणि सीडर बॉग लेक ज्यात येतं तो सीडर क्रीकचा परिसर आजही मिनेसोटा विद्यापीठाकडे आहे, 1994 पासून तिथे 9 मीटर बाय 9 मीटरच्या वाफ्यांत कुठे एक, कुठे दोन, चार, आठ, कुठे सोळा जातींच्या वनस्पती लावून दरवर्षी कुठे किती वाढ होते ते मोजतात, आणि जास्त जातींच्या वाफ्यांत सरासरी वाढ जास्त होते हे तिथे पुन्हा पुन्हा दिसलंय.