मागितलेला दाब, मिळालेला दाब: टर्बो डिझेल इंजिनाच्या हरवलेल्या ताकदीचा शोध

माझ्या गाडीत दोन लिटर क्षमतेचे, चार सिलिंडरांचे कॉमन रेल डिझेल इंजिन असून त्याला व्हेरिएबल जॉमेट्री टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र) बसवलेला आहे. या इंजिनाची ताकद कमी झाल्याचे मला प्रथम चढावर जाणवू लागले. इंजिन थंड असताना गाडी नेहमीसारखी ओढत असे. मात्र ते पूर्ण तापले की १५०० ते २५०० आरपीएमच्या पट्ट्यात ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी वेग वाढायला फार वेळ लागे. लांब चढावर तर कधीकधी इंजिनाचा दिवा लागून गाडी लिम्प मोडमध्ये (इंजिन वाचवण्यासाठी ताकद मर्यादित ठेवणाऱ्या अवस्थेत) जाई आणि मग इंजिन ३००० आरपीएमच्या पुढे सरकतच नसे. इग्निशन बंद करून पुन्हा चालू केले की ही मर्यादा उठे आणि पुढच्या मोठ्या चढापर्यंत सारे सुरळीत चाले. स्कॅनर लावल्यावर पी-०२९९ हा कोड मिळाला. टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी आहे, एवढाच त्याचा अर्थ.

गॅरेजमध्ये हा कोड पाहताच टर्बो बदलण्याचा सल्ला मिळाला. मी तो लगेच मानला नाही, कारण हा कोड टर्बोविषयी काही सांगत नाही, तो फक्त दाबाविषयी सांगतो. इंटरकूलरकडे (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या भागाकडे) जाणारा होज फाटलेला असला, एखादा क्लॅम्प सैल असला, ईजीआर व्हॉल्व्ह (एक्झॉस्टचा काही वायू पुन्हा इंजिनात सोडणारी झडप) उघडा अडकला असला, डीपीएफ (एक्झॉस्टमधील काजळी अडवणारा फिल्टर) तुंबला असला, व्हॅक्यूमच्या नळीतून गळती होत असली किंवा दाबाचा सेन्सरच चुकीचे वाचत असला, तरी कोड हाच येऊ शकतो. अंदाजाने एकेक भाग बदलत जाण्याच्या पद्धतीत खरा दोष बहुधा शेवटी सापडतो, आणि तोपर्यंत निरोगी असलेले बरेच भाग भंगारात गेलेले असतात.

डिझेल इंजिनाची ताकद मुख्यतः इंधनाच्या मात्रेवर ठरते. पेट्रोल इंजिनाप्रमाणे हवेची वाट अरुंद करून ती कमी-जास्त केली जात नाही. इंधन किती द्यायचे हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो आणि धूर होऊ नये म्हणून, आत आलेल्या हवेत जेवढे इंधन नीट जळू शकेल त्यापेक्षा जास्त तो देत नाही. म्हणजे हवा कमी पडली, किंवा ती कमी पडल्याचा ईसीयूचा समज झाला, की तो स्वतःहून हात आखडता घेतो. त्यामुळे ‘कोणता भाग बिघडला?’ हा प्रश्न मी बाजूला ठेवला. ईसीयूने जे मागितले ते सर्वांत आधी कुठे मिळेनासे झाले, हे शोधणे मला अधिक योग्य वाटले. टर्बोचा दाब, रेलमधील (सर्व इंजेक्टरांना इंधन पुरवणाऱ्या सामाईक नळीतील) इंधनाचा दाब आणि हवेचे वस्तुमान या तिन्हींचे मागितलेले आणि प्रत्यक्ष असे दोन्ही आकडे चांगला स्कॅनर शेजारी शेजारी दाखवतो, आणि माझा पुढचा सारा शोध या जोड्यांवरच चालला.

त्याआधी काही साध्या शक्यता मिटवल्या. चाके हाताने मोकळी फिरत होती, म्हणजे ब्रेक धरून राहत नव्हते; वरच्या गिअरमध्ये जोर दिल्यावर आरपीएम वाढून वेग मात्र तेवढाच राहणे हे क्लच घसरण्याचे लक्षणही दिसले नाही. एअर फिल्टर स्वच्छ होता. डिझेल फिल्टरमध्ये पाणी नव्हते. इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन चालू केल्यावर इनटेकमधील दाबाचा सेन्सर जवळपास १००० हेक्टोपास्कल दाखवत होता, आणि वातावरणाच्या दाबाचा सेन्सरही तेच सांगत होता. ही तपासणी अगदी काही सेकंदांची असते, पण सेन्सरच खोटे बोलत असेल तर पुढचे सगळे मोजमाप व्यर्थ ठरते. म्हणून ती मी कधीच टाळत नाही.

मुख्य नोंद रस्त्यावरच घ्यावी लागते. जागेवर उभ्या गाडीत इंजिन रेस करून काहीही कळत नाही, कारण भार नसताना टर्बोकडून फारसा दाब मागितलाच जात नाही. मोकळा, सरळ रस्ता निवडून तिसऱ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमपासून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबायचा आणि इंजिन ३५०० च्या पुढे जाईपर्यंत सोडायचा नाही, अशी ही चाचणी आहे. नोंद आपोआप साठत असते आणि ती घरी येऊन वाचायची असते. गाडी चालवताना पडद्याकडे पाहण्याचा मोह धोक्याचा आहे. मी ही चाचणी इंजिन कोमट असताना घेतली आणि पूर्ण तापल्यावर पुन्हा घेतली, आणि या दोन नोंदींमधील फरकानेच पुढची दिशा दाखवली.

कोमट इंजिनाच्या नोंदीत मागितलेला आणि मिळालेला दाब जवळजवळ एकमेकांवर बसत होते. तापलेल्या इंजिनाच्या नोंदीत २००० आरपीएमला ईसीयू २२५० हेक्टोपास्कल मागत होता आणि प्रत्यक्षात १५५० च्या आसपास मिळत होते. (हे आकडे निरपेक्ष दाबाचे आहेत, त्यांतून वातावरणाचे सुमारे १००० वजा केले की टर्बोने स्वतः वाढवलेला दाब मिळतो.) रेलमधील इंधनाचा दाब मात्र मागणीच्या अगदी जवळून चालत होता, म्हणजे पंप, फिल्टर आणि रेलचा नियंत्रक यांच्यावर संशय घेण्याचे कारण उरले नाही. डीपीएफच्या दोन्ही बाजूंच्या दाबांतील फरकही इंजिन बंद असताना शून्य, आयडलिंगला अगदी किरकोळ आणि पूर्ण भारावर मर्यादेत होता. दोष हवेच्याच बाजूला होता.

त्या नोंदीत आणखी एक गोष्ट होती आणि मला तीच सर्वांत बोलकी वाटली. मागणी आणि पुरवठा यांतील तूट खालच्या आरपीएमला मोठी होती, पण ३००० च्या पुढे ती झपाट्याने कमी होत जात होती. होज फाटलेला असता तर दाब आणि हवेचा प्रवाह वाढेल तशी गळतीही वाढायला हवी होती आणि वरच्या पट्ट्यातही तूट टिकून राहायला हवी होती. व्हेरिएबल जॉमेट्री टर्बोमध्ये टर्बाइनभोवती फिरती पाती असतात. ती मिटली की एक्झॉस्टचा मार्ग अरुंद होतो आणि, नळाचे तोंड बोटाने दाबल्यावर धार जोरात जावी तसा, कमी प्रवाहातही टर्बाइनला वेग मिळतो. पाती उघडीच राहिली तर खालच्या आरपीएमला टर्बो सुस्त राहतो, आणि एक्झॉस्टचा प्रवाह पुरेसा वाढल्यावर मात्र तोच टर्बो नीट काम करू लागतो. माझ्या नोंदीतील वक्ररेषा नेमकी या वर्णनाची होती. भरीला, टर्बोवर नियंत्रण ठेवणाऱ्या सोलेनॉइडला (विजेवर चालणाऱ्या झडपेला) दिलेला आदेश कमाल मर्यादेला टेकलेला होता; पाती मिटण्याचा हुकूम ईसीयू पूर्ण ताकदीने देत होता, पण तो पाळला जात नव्हता.

तरीही इनटेकच्या मार्गाची दाबचाचणी मी घेतलीच. एअर फिल्टरनंतरच्या पाइपवर टोपण बसवून आत सुमारे अर्ध्या बारची हवा भरली आणि सांध्यांवर साबणाचे पाणी लावले. बुडबुडे कुठेही आले नाहीत. एका होजच्या आत तेलाचा पातळ थर दिसला, पण क्रँककेसमधील वाफेबरोबर एवढे तेल येतेच. त्यावरून टर्बोचे सील गेले असे म्हणता येत नाही. टर्बोच्या कंप्रेसरकडील पाइप काढून शाफ्ट हलवून पाहिला. आडव्या दिशेने थोडी हालचाल होती आणि ती असायलाच हवी, कारण या बेअरिंगमधील शाफ्ट तेलाच्या थरावर तरंगतो आणि इंजिन बंद असताना तो थर नसतो. मागेपुढे होणारी हालचाल हाताला जाणवत नव्हती आणि पात्यांच्या कडा घराला घासल्याच्या खुणाही नव्हत्या. याच आडव्या हालचालीकडे बोट दाखवून कितीतरी चांगले टर्बो बदलले जातात, असे माझे मत आहे.

आता प्रश्न एवढाच उरला की पाती काजळीने अडकली आहेत की त्यांना ओढणारा व्हॅक्यूमच अपुरा आहे. माझ्या टर्बोचा ॲक्च्युएटर, म्हणजे पाती हलवणारा भाग, व्हॅक्यूमवर चालतो: व्हॅक्यूम मिळाला की दांडा ओढला जाऊन पाती मिटतात, आणि व्हॅक्यूम गेला की स्प्रिंग त्यांना उघडते. ही रचना मुद्दाम तशी केलेली असते, कारण नळी तुटलीच तर दाब बेसुमार वाढण्यापेक्षा तो कमी पडणे इंजिनासाठी बरे. हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप ॲक्च्युएटरला जोडून पाहिल्यावर दांडा कुठेही न अडखळता पूर्ण अंतर सरकला, आणि पंप थांबवल्यावर त्याच्या गेजच्या काट्याने आपली जागा सोडली नाही. पाती मोकळी होती आणि ॲक्च्युएटरचा पडदाही शाबूत होता. इंजिन तापलेले असताना, जाड हातमोजे घालून, हीच तपासणी पुन्हा केली. निकाल तोच आला.

त्यानंतर व्हॅक्यूम उगमापासून तपासत आलो. व्हॅक्यूम पंपाच्या तोंडाशी आयडलिंगला जवळपास ०.९ बार मिळत होते, जे उत्तम आहे. ब्रेकही नेहमीसारखे हलके लागत होते, म्हणजे मुख्य नळी ठीक होती. सोलेनॉइडच्या पुढेही, थंड इंजिनावर, आकडा चांगला होता. पण दोष दिसतो फक्त उष्णतेत आणि भाराखाली, आणि बॉनेट उघडून ती परिस्थिती निर्माण करता येत नाही. म्हणून ॲक्च्युएटरजवळ टी-जोड बसवला, त्याला लांब नळी जोडून ती बॉनेटच्या कडेने आणि खिडकीच्या फटीतून आत घेतली आणि गेज शेजारी बसलेल्या मित्राच्या हातात दिला. ही युक्ती जुनी आहे, पण स्कॅनर जे सांगू शकत नाही ते ती सांगते: सोलेनॉइडला दिलेला आदेश संगणकाला ठाऊक असतो, दांड्यापर्यंत खरोखर काय पोहोचले ते मात्र त्याला ठाऊक नसते.

थंड इंजिनावर जोर दिल्यावर गेजचा काटा ०.६ बारच्या पुढे जाऊन स्थिर राहत होता. गाडी तापल्यावर त्याच चढावर तो ०.३ च्या आसपास लोंबकळू लागला. टी-जोड मागे सरकवत सोलेनॉइडच्या अगदी तोंडाशी नेला तरी आकडा कमीच होता, आणि सोलेनॉइडच्या आधी, त्याला पुरवठा करणाऱ्या नळीच्या टोकाशीही तो कमीच होता. म्हणजे सोलेनॉइडही सुटला. ती पुरवठ्याची नळी एक्झॉस्टच्या उष्णतारोधक पत्र्यामागून जात होती. पत्रा उघडल्यावर दिसले, की एका वळणावर रबर कडक होऊन त्याला लांबट चीर पडली होती. थंड असताना चिरेच्या कडा घट्ट मिटलेल्या राहत आणि तापल्यावर त्या सुटत, म्हणूनच थंड इंजिनावरची कोणतीही तपासणी तिला पकडू शकली नव्हती. नवी नळी घेताना आतला व्यास तंतोतंत तोच ठेवला, कारण सैल नळी जोडावरून गळते आणि पातळ भिंतीची नळी व्हॅक्यूमने आतल्या आत मिटते. तिचा मार्गही पत्र्यापासून थोडा दूर घेतला.

पुन्हा तीच चाचणी घेतली. तापलेल्या इंजिनावर मिळालेला दाब मागणीला धरून चालू लागला, क्षणभर थोडा वर जाऊन स्थिरावला. गाडीचा पिकअप परत आला आणि कोडही पुन्हा उमटला नाही. मात्र नोंदीतील हवेच्या वस्तुमानाचा स्तंभ मला खटकला. अर्ध्या लिटरच्या सिलिंडरमध्ये २२५० हेक्टोपास्कल दाबाची, ५० अंश सेल्सिअस तापमानाची हवा पूर्ण भरली तर तिचे वस्तुमान सुमारे १२०० मिलिग्रॅम होते. भरण्यातील तूट दहा टक्के धरली तरी १०९० च्या आसपास आकडा हवा होता. सेन्सर ९५० दाखवत होता. दाब पूर्ण असताना हवा कमी दिसण्याची दोन मुख्य कारणे असतात: ईजीआर व्हॉल्व्ह नीट मिटत नसल्याने सिलिंडरची काही जागा जळालेल्या वायूने व्यापणे, किंवा सेन्सर जुना होऊन कमी वाचणे. ईजीआरच्या तोंडाशी तपासणीपुरती पट्टी लावून मार्ग बंद केला आणि आयडलिंगला पाहिले. तिथे टर्बोचा वाढीव दाब जवळपास नसल्याने हिशेबाने ५०० मिलिग्रॅमच्या जवळ यायला हवे होते. पट्टी असतानाही ४३० च दिसले. ईजीआर निर्दोष ठरला आणि पट्टी काढून टाकली.

सेन्सर बदलल्यावर आयडलिंगला ४९० आणि पूर्ण भारावर सुमारे १०६० असे आकडे आले. धुराची मर्यादा हवेच्या आणि इंधनाच्या अठरास एक अशा प्रमाणाने धरली, तर ९५० मिलिग्रॅम हवेवर ईसीयू दर स्ट्रोकला जेमतेम ५३ मिलिग्रॅम इंधन देणार आणि १०६० वर ५९. जवळपास दहा टक्के ताकद अशी केवळ ईसीयूच्या समजुतीमुळे अडून राहिली होती, आणि तिच्यासाठी कोणताही कोड आला नव्हता, कारण फरक ईसीयूच्या सहनशीलतेच्या मर्यादेत बसत होता. १०९० आणि १०६० यांमधील उरलेल्या फरकाचा मी पाठपुरावा केला नाही, कारण भरण्यातील तूट दहा टक्के धरणे हा माझाच अंदाज होता आणि एवढा फरक त्या अंदाजातच मावतो.