निशाणी पाच

आत्याच्या वाटपाच्या दाव्यात हुकूम झाला आणि शिवाजीनगर कोर्टातून नक्कल आली. सात पानं, सगळी इंग्रजीत. "तूच वाचून सांग गं," आत्या म्हणाली. पहिल्याच पानावर मी अडले: स्पे. सी. एस., डब्ल्यू. एस., एक्झि. ५, ओ. ३९ आर. १. दर शब्दाला वकीलसाहेबांना फोन करणं बरं वाटेना, म्हणून गुगल उघडलं. नुसती अक्षरं टाकली की भलतंच काहीतरी समोर येई.

मग लक्षात आलं, आधी ते अक्षर कुठून आलंय हे ओळखायला हवं. दाव्याचा प्रकार असेल तर ई-कोर्ट्स, म्हणजे कोर्टातल्या खटल्यांची माहिती देणारी सरकारी वेबसाइट. नकलेवरचा सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या दाव्याचा ओळख क्रमांक, टाकला (पुण्याचा 'एमएचपीयू'ने सुरू होतो) आणि स्पेशल सिव्हिल सूट, सगळ्या तारखा, टप्पा, सारं समोर आलं.

कायद्याचा उल्लेख असेल तर इंडिया कोड ही कायद्यांची सरकारी वेबसाइट. तिथे मी चुकले. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ उघडून कलम ३९ वाचत बसले. ते निघालं हुकूमनामा (डिक्री) दुसऱ्या कोर्टाकडे पाठवण्याबद्दल! 'ओ.' म्हणजे ऑर्डर, 'आर.' म्हणजे रूल, आणि ऑर्डर कलमांत नसतात, शेवटी जोडलेल्या पहिल्या अनुसूचीत असतात. ऑर्डर ३९ तूर्तातूर्त, म्हणजे तात्पुरत्या, मनाईची. ते वाचलं तेव्हा कुठे आत्याच्या अर्जात काय मागितलंय ते कळलं.

निवाड्यांच्या संदर्भांनी सर्वांत जास्त वेळ खाल्ला. 'एस. सी.' म्हणजे सुप्रीम कोर्ट, पण 'एस. सी. सी.' म्हणजे सुप्रीम कोर्ट केसेस हे नियतकालिक. 'ए. आय. आर.' नागपूरहून निघतं. त्यात आधी वर्ष, मग कोर्ट, मग पान. एका जागी 'आय. एल. आर. बॉम.' होतं. कार्डिफ विद्यापीठाची कायद्याच्या संक्षेपांची सूची ऑनलाइन मोफत आहे, भारतातल्या जुन्या मालिकांसाठीही ती बघावी. इंडियन लॉ रिपोर्ट्सची ही मुंबई मालिका १८७६पासूनची! सुप्रीम कोर्टाचे निवाडे मात्र ई-एससीआर या वेबसाइटवर २०२३पासून फुकट वाचता येतात.

मराठी प्रतिशब्दांसाठी भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश कामी आला. पण 'डब्ल्यू. एस.'चा (रिटन स्टेटमेंट) अर्थ आत्याला 'लेखी निवेदन' असा सांगितला, तर ती म्हणाली, "म्हणजे कैफियत. तुझ्या काकाने दिलेली." कोर्टाच्या वाऱ्या करून तिला तो शब्द केव्हाचा पाठ होता.

'एक्झि. ५' मात्र कुठल्याच कोशात सापडलं नाही. शेवटी वकीलसाहेबांच्या कारकुनाला विचारलं. ते म्हणाले, दाव्यासोबतच्या मनाईच्या अर्जाला आपल्याकडे बहुतेक वेळा पाचवा निशाणी क्रमांक (एक्झिबिट, म्हणजे दाव्यातल्या कागदावर कोर्ट टाकतं तो क्रमांक) पडतो, म्हणून त्या अर्जालाच निशाणी पाच म्हणतात.

संध्याकाळी आत्याला शेवटचं पान मराठीत वाचून दाखवलं: निशाणी पाच मंजूर, दावा निकाली निघेपर्यंत प्रतिवादींनी मिळकत विकू नये. तिने ती ओळ माझ्याकडून दोनदा वाचून घेतली.